क्वांटम उपकरणांसाठी कोणता पदार्थ निवडावा? त्याआधी ऊर्जा कुठे गळते ते विचारा

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रात एमएस्सी झालं आहे, क्वांटम उपकरणांवर पीएचडी करायची आहे आणि समोर चार गटांचे पर्याय आहेत. एक गट ग्राफिनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूच्या जाडीच्या थरावर, काम करतो, दुसरा टोपोलॉजिकल पदार्थांवर, तिसरा हिऱ्यातल्या दोषांवर आणि चौथा अतिवाहक (थंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या) धातूंच्या क्यूबिटवर, म्हणजे क्वांटम संगणकातल्या माहितीच्या मूळ एककावर. यातला कोणता पदार्थ पुढे टिकेल? आणि त्यासाठी आत्ता क्वांटम मेकॅनिक्स पक्कं करावं की पदार्थविज्ञान?

या क्षेत्रात बरीच वर्षं थर बसवणं, कोरणं आणि मोजणं करत आलो आहे, त्यामुळे उत्तर प्रयोगशाळेच्या बाजूने देतो. मत आधीच सांगून टाकतो: पदार्थाच्या नावावरून विषय निवडू नका. उपकरणातली ऊर्जा किंवा माहिती नेमकी कुठे हरवते हा प्रश्न ज्या गटाला पडला आहे, आणि सॅम्पल बनवून, थंड करून, मोजून पुन्हा बनवण्याचा फेरा ज्यांच्याकडे लहान आहे, तो गट धरा. असं का, ते चौथ्या पर्यायापासून सुरू करून सांगतो. तो सगळ्यात कमी आकर्षक वाटतो, पण पदार्थाने काय फरक पडतो हे तिथे आकड्यांत दिसतं.

1999 मध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी ॲल्युमिनियमच्या एका इवल्याशा बेटावर अतिवाहक क्यूबिटची अवस्था पहिल्यांदा ताब्यात ठेवून दाखवली. ती टिकली काही नॅनोसेकंद. आज ट्रान्समॉन या प्रकारच्या चांगल्या क्यूबिटमध्ये हाच काळ एक मिलिसेकंदाच्या पलीकडे गेला आहे, म्हणजे पंचवीसएक वर्षांत लाखपटीहून अधिक वाढ. यातला काही वाटा रचनेचा आहे. 2007 मध्ये येल विद्यापीठात मांडलेल्या ट्रान्समॉनने विद्युतभाराच्या गोंगाटाकडे क्यूबिटला जवळजवळ दुर्लक्ष करायला शिकवलं. बाकीचा मोठा वाटा मिळाला तो दोन-तीन नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थरांचा पिच्छा पुरवून.

या पाठलागातला महत्त्वाचा टप्पा 2005 चा. तेव्हाच्या 'फेज क्यूबिट' या प्रकारात इन्सुलेटर म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड वापरत, कारण चिप बनवणाऱ्यांना तो पदार्थ तोंडपाठ होता. जॉन मार्टिनिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की क्यूबिटची ऊर्जा अशाच थरांत खर्ची पडते. कमी लॉसचं (कमी ऊर्जा गिळणारं) सिलिकॉन नायट्राइड आणि लहान क्षेत्रफळाची जंक्शनं (दोन अतिवाहकांमध्ये पातळ अडथळा असलेले सांधे) घेतल्यावर ऱ्हासाचा वेग 20 पटींनी सुधारला. कारण शोधताना एक जुनं कोडं कामी आलं. काचेची उष्माधारकता अतिशीत तापमानाला स्फटिकापेक्षा बरीच जास्त भरते, हे 1971 मध्ये झेलर आणि पोल यांनी मोजलं होतं. पुढच्याच वर्षी अँडरसन, हॅल्परिन आणि वर्मा यांनी, आणि स्वतंत्रपणे फिलिप्स यांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं: अस्फटिकी पदार्थात काही अणू किंवा अणुगट दोन जवळजवळ सारख्या जागांमध्ये टनेलिंग करत, म्हणजे मधला ऊर्जेचा अडथळा भेदून ये-जा करत, असतात. अशा जोड्यांची ऊर्जा फार मोठ्या पट्ट्यात पसरलेली असते, त्यामुळे क्यूबिटच्या वारंवारतेशी जुळणारी एखादी सापडतेच, आणि तिला विद्युत द्विध्रुव असेल तर ती क्यूबिटचा फोटॉन गिळून टाकते. बोलताना आम्ही यांना टीएलएस (टू-लेव्हल सिस्टिम) म्हणतो. क्यूबिट ही दोन पातळ्यांची प्रणाली, आणि त्याला मारणारीही दोन पातळ्यांचीच. फक्त ती कोणी मुद्दाम बनवलेली नसते.

आता एक छोटं गणित करून पाहा, कारण ते केल्याशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही. 5 गिगाहर्ट्झचा क्यूबिट आहे आणि त्याचं आयुष्य 100 मायक्रोसेकंद आहे. गुणवत्ता गुणांक म्हणजे 2π गुणिले वारंवारता गुणिले आयुष्य. उत्तर येतं सुमारे 31 लाख. अस्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लॉस टॅन्जंट (पदार्थ किती ऊर्जा गिळतो याचं माप) ढोबळमानाने हजारात एक. क्यूबिटच्या विद्युत ऊर्जेपैकी फक्त दहा हजारावा भाग अशा थरात असला तरी एकूण लॉस कोटीत एक होतो, गुणांक एक कोटीवर अडकतो आणि आयुष्य 320 मायक्रोसेकंदांच्या पुढे जाऊ शकत नाही. बाकीचा धातू, खालचा स्फटिक आणि भोवतीची पेटी अगदी निर्दोष असली तरीही. उपकरणाच्या घनफळात ज्याला जागाच नाही म्हणावं असा थर उपकरणाचं नशीब ठरवतो.

या गणितातून दोनच वाटा निघतात. एक, त्या थरात जाणारा ऊर्जेचा वाटा कमी करायचा. म्हणजे धातूच्या पट्ट्यांमधली फट मोठी करायची आणि विद्युत क्षेत्र पसरट करायचं. 2011 मध्ये येलमध्येच क्यूबिट एका त्रिमितीय पोकळीत ठेवला गेला आणि आयुष्य दहा-दहा मायक्रोसेकंदांच्या घरात पोहोचलं, ते मुख्यतः याच मार्गाने. दुसरी वाट थराचा लॉसच कमी करण्याची, आणि ती अवघड, कारण तिथे भूमितीच्या सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. रसायन समजावं लागतं.

2021 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने नायोबियम काढून त्या जागी टॅन्टलम घातलं आणि आयुष्य 0.3 मिलिसेकंदाच्या पुढे नेलं. बातम्यांमध्ये हे 'नवा धातू सापडला' अशा थाटात आलं. खरी गोष्ट ऑक्साइडची होती. नायोबियमवर एकावर एक वेगवेगळ्या ऑक्सिडेशन अवस्थांचे थर बनतात आणि त्यांच्यातली सीमा धूसर असते. टॅन्टलमवर प्रामुख्याने एकच ऑक्साइड बनतो, तो पातळ असतो आणि पुरेसा स्थिर. शिवाय टॅन्टलम इतकं निर्विकार आहे की कोरलेलं उपकरण सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पिरान्हा मिश्रणात बुडवून घासूनपुसून घेता येतं. ॲल्युमिनियमची वस्तू त्यात टाकली तर ती हातची जाईल. म्हणजे टॅन्टलमने दोन गोष्टी दिल्या: बरा ऑक्साइड, आणि पृष्ठभाग जोरात धुण्याची मुभा. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे, पण तिच्याबद्दल कोणी मथळा लिहीत नाही.

टॅन्टलमच्याही खोड्या आहेत. त्याच्या दोन स्फटिकरचना असतात. अल्फा रचना साधारण 4.4 केल्विनला अतिवाहक होते. बीटा रचना एक केल्विनच्या आतबाहेर. खोलीच्या तापमानाला स्पटरिंग केलं (धातूचे अणू उडवून थर बसवला) की बहुधा बीटा मिळते. अल्फा हवी असेल तर थराखाली आधार म्हणून असलेला नीलमण्याचा तुकडा 500 अंश सेल्सियसच्या आसपास तापवा, नाहीतर खाली काही नॅनोमीटर नायोबियमचा बीजथर द्या. सिलिकॉनवर मात्र तापवण्यात धोका, कारण सीमेवर सिलिसाइड (धातू आणि सिलिकॉनचं संयुग) तयार होतं आणि नवीनच लॉस पदरात पडतो. तरीही सिलिकॉनचा मार्ग सोडून चालत नव्हतं, कारण पृष्ठभाग सुधारल्यावर खालच्या नीलमण्याचा लॉस डोकं वर काढू लागला. उच्च रोधकतेच्या सिलिकॉनवर टॅन्टलम नीट बसवल्यानंतर 2025 मध्ये एक मिलिसेकंदाची वेस ओलांडली गेली. एक गळती बुजवली की दुसरी दिसू लागते, हा या विषयाचा स्वभाव आहे, आणि पीएचडीचा प्रबंध साधारणपणे अशा एका गळतीवर उभा राहतो.

मौजेची बाब म्हणजे या सगळ्या उपकरणांच्या मध्यभागी असलेलं जोसेफसन जंक्शन आजही बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम, त्याचा ऑक्साइड आणि पुन्हा ॲल्युमिनियम असंच असतं. त्यातला एक-दोन नॅनोमीटरचा अडथळा अस्फटिकीच आहे, म्हणजे आपल्या शत्रूचाच बनलेला. तरी ते चालतं, कारण जंक्शन एका बाजूला जेमतेम 200 नॅनोमीटरचं असतं. इतक्या लहान जागेत टीएलएसची संख्याच थोडी, आणि त्यातला एखादा नेमका आपल्या वारंवारतेवर येण्याची शक्यता कमी. स्फटिकी अडथळ्याची जंक्शनं बनवण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण साध्या ॲल्युमिनियमची सवय आणि सोय मोडणं कठीण जातं.

आता तिसऱ्या पर्यायाच्या शेजारचा, तुमच्या यादीत नसलेला एक पदार्थ: सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकपणा. तो मुद्दाम घेतो, कारण इथे प्रगती पदार्थातून काहीतरी काढून टाकल्याने झाली. सुरुवातीचे स्पिन क्यूबिट गॅलियम आर्सेनाइडमध्ये होते. तो पदार्थ वाढवण्यात लोकांचा हात बसलेला, इलेक्ट्रॉनची गतिशीलता अप्रतिम. पण गॅलियम आणि आर्सेनिकच्या प्रत्येक स्थिर समस्थानिकाच्या केंद्रकाला स्पिन असतो. इलेक्ट्रॉनभोवती लाखो केंद्रकं आपापले चुंबक हलवत बसतात, आणि 2005 च्या सुमाराच्या प्रयोगांत कोणतीही दुरुस्ती न करता मोजलेला कोहेरन्स काळ (क्वांटम अवस्था शाबूत राहण्याचा काळ) 10 नॅनोसेकंदांच्या आसपास येत होता. सिलिकॉनमध्ये स्पिन असलेलं समस्थानिक एकच, सिलिकॉन-29, आणि तेही निसर्गात 4.7 टक्के. ते उपसून काढता येतं. शुद्ध केलेल्या सिलिकॉन-28 मध्ये 2014 साली हाच काळ 120 मायक्रोसेकंद मिळाला. या शुद्धीकरणाचं तंत्र पिकायला एका वेगळ्याच कामाने हातभार लावला: किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवण्यासाठी 99.99 टक्क्यांहून शुद्ध सिलिकॉन-28 चे गोळे घडवले गेले होते. वजनमापवाल्यांच्या हट्टाचा क्वांटमवाल्यांना फायदा होईल असं तेव्हा किती जणांना वाटलं असेल, देव जाणे.

समस्थानिकांचा प्रश्न सुटल्यावर इथेही गाडी शेवटी सीमेवर येऊन थांबली. सिलिकॉन आणि सिलिकॉन-जर्मेनियम यांच्या सीमेवर जर्मेनियमचे अणू कुठे बसले आहेत यावर 'व्हॅली' पातळ्यांमधलं (सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या अवस्थांमधलं) अंतर ठरतं. ते अंतर पुरेसं मोठं नसेल तर इलेक्ट्रॉन नको त्या पातळीत घसरतो. मिश्रधातूत अणूंची जागा नशिबावर असल्यामुळे एकाच चिपवरच्या दोन शेजारच्या क्यूबिटमध्ये हे अंतर कैक पटींनी वेगळं निघू शकतं. एक क्यूबिट दाखवायचा असेल तर चांगला शोधून काढता येतो. शंभर लागणार असतील तर वाईटाचं काय करायचं, हा संशोधनाचा विषय होतो.

हिऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. नायट्रोजन-व्हेकन्सी दोषाची (कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा) मोठी खुबी म्हणजे तो खोलीच्या तापमानाला काम करतो, निसर्गातला 1.1 टक्का कार्बन-13 कमी केलेल्या हिऱ्यात 2009 मध्ये खोलीच्या तापमानाला 1.8 मिलिसेकंदांचा कोहेरन्स मोजला गेला. 2015 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने 1.3 किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमध्ये बेल चाचणी (दूरच्या कणांमधला क्वांटम संबंध पडताळणारा प्रयोग) केली, तीही नेहमीच्या पळवाटा बंद करून. अडचण प्रकाशाची आहे: या दोषातून निघणाऱ्या फोटॉनपैकी जेमतेम तीन-चार टक्के 637 नॅनोमीटरच्या उपयोगी रेषेत येतात. आणि संवेदक म्हणून वापरायचा तर दोष पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर हवा, म्हणजे पुन्हा पृष्ठभागाचा गोंगाट. या गटात गेलात तर प्रकाशिकी आणि हिऱ्याच्या पृष्ठभागाचं रसायन दोन्ही शिकाल. विद्यार्थ्यासाठी एक व्यावहारिक फायदाही आहे: पहिला संकेत पाहायला डायल्यूशन फ्रिजची (सॅम्पल अतिशीत करणाऱ्या यंत्राची) वाट पाहावी लागत नाही.

ग्राफिन आणि त्याच्या भावंडांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण विद्यार्थ्यांचा ओढा तिकडे असतो आणि अपेक्षा चुकतात. 2018 मध्ये एमआयटीत ग्राफिनचे दोन थर 1.1 अंशाने फिरवून एकावर एक ठेवले आणि 1.7 केल्विनला अतिवाहकता मिळाली. भौतिकशास्त्र म्हणून हे अफाट आहे. त्याच पदार्थात गेटवरचा व्होल्टेज बदलून इन्सुलेटरही मिळतो आणि अतिवाहकही. पण उपकरण म्हणून पाहिलं की वेगळे प्रश्न पुढे येतात. हे थर पॉलिमरच्या ठशाने हातानं उचलून रचले जातात. मध्ये बुडबुडे अडकतात. तापवलं की थर परत सरकतात. एकाच सॅम्पलमध्ये कोन अंशाच्या दहाव्या हिश्शाने जागोजागी बदलतो, आणि या पदार्थात तेवढा बदल म्हणजे दुसराच पदार्थ. दोन प्रयोगशाळांची सॅम्पलं सोडा, एकाच विद्यार्थ्याची लागोपाठची दोन सॅम्पलं सारखी निघणं हीच कमाई समजतात.

या क्षेत्राचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. ग्राफिनची गुणवत्ता 2010 नंतर एकदम उंचावली ती खाली हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडचा सपाट स्फटिक ठेवायला लागल्यावर. आणि जगभरच्या असंख्य गटांनी वापरलेले हे स्फटिक मुख्यतः एकाच ठिकाणाहून आले: जपानमधल्या त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेतल्या तानिगुची आणि वातानाबे यांच्या उच्च दाबाच्या यंत्रातून. ग्राफिनच्या शोधनिबंधांवर ही दोन नावं इतक्यांदा का दिसतात, याचं कारण हेच. ज्यांनी स्फटिक वाढवला त्यांच्याविना तो प्रयोग झालाच नसता, हे या क्षेत्रात कोणी नाकारत नाही. इतर क्षेत्रांत वाढवणाऱ्याला आभारप्रदर्शनात एक ओळ मिळते.

मग ग्राफिनचा क्यूबिट बनवावा का? 2019 मध्ये बनवला गेला. अवस्था 55 नॅनोसेकंद टिकली. त्याच काळात ॲल्युमिनियमचे क्यूबिट दहा-दहा मायक्रोसेकंदांच्या सहज पुढे होते. क्यूबिटसाठी ग्राफिन निवडणं मला तरी पटत नाही. पण तोच थरांचा पदार्थ वेगळ्या जागी बसवला की हिशोब बदलतो. ग्राफिनच्या इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता इतकी कमी आहे की सूक्ष्मलहरींचा अगदी थोडा ऊर्जापुंजही त्याचं तापमान मोजता येईल इतकं चढवतो. त्यावर बेतलेले बोलोमीटर (तापमानवाढीवरून प्रारण मोजणारी उपकरणं) 2020 पासून गंभीरपणे घेतले जातात. आणि बोरॉन नायट्राइड स्फटिकी असल्यामुळे त्याचा लॉस अस्फटिकी ऑक्साइडपेक्षा फार कमी. तो घालून क्यूबिटचं संधारित्र कितीतरी लहान करता येतं, हे 2022 च्या सुमारास दाखवलं गेलं. पदार्थ तोच, फक्त त्याला त्याच्या गुणांना साजेसं काम दिलं.

याची उलटी बाजूही पाहा. वर अस्फटिकी पदार्थाला मी शत्रू म्हटलं. पण एकेक फोटॉन मोजणाऱ्या अतिवाहक नॅनोतारांच्या डिटेक्टरांमध्ये टंगस्टन सिलिसाइड हा अस्फटिकी पदार्थ वापरून 2013 मध्ये 93 टक्के कार्यक्षमता मिळाली. नायोबियम नायट्राइडच्या बहुस्फटिकी थरात स्फटिककणांमधल्या सीमांमुळे तार कुठेतरी अशक्त राहते. अस्फटिकी थरात सीमाच नसल्याने लांबच्या लांब तार एकसारखी निघते. एका उपकरणाचा रोग दुसऱ्याचा गुण ठरला. म्हणूनच 'उत्तम क्वांटम पदार्थ कोणता' या प्रश्नाला, कोणत्या उपकरणासाठी हे न विचारता उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

राहिला टोपोलॉजिकल पर्याय. कल्पना देखणी आहे: माहिती एका जागी न ठेवता तारेच्या दोन टोकांत विभागून ठेवायची, म्हणजे स्थानिक गोंगाटाला ती दिसणारच नाही. 2001 मध्ये किताएव यांनी साधं प्रारूप दिलं, 2010 मध्ये अर्धवाहक तार आणि अतिवाहक यांच्या जोडीतून ते कसं साकारता येईल हे सिद्धांताने सांगितलं, आणि 2012 मध्ये डेल्फ्टमध्ये इंडियम अँटिमोनाइडच्या तारेच्या विद्युतवाहकतेत शून्य व्होल्टेजला शिखर, म्हणजे सिद्धांताला अपेक्षित असलेली खूण, दिसलं. 2018 च्या एका गाजलेल्या निबंधात हे शिखर नेमक्या क्वांटम मूल्यावर पोहोचल्याचा दावा होता. 2021 मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. संपूर्ण मोजणी पाहिली असता दावा टिकत नव्हता.

यातून विद्यार्थ्याने काय उचलायचं? तारेतला थोडासा विस्कळीतपणा किंवा टोकाशी हळूहळू बदलणारं विभव साध्या, अजिबात टोपोलॉजिकल नसलेल्या अवस्था शून्य ऊर्जेजवळ आणून ठेवतं, आणि त्यांचं शिखर हुबेहूब हवं तसं दिसू शकतं. ॲल्युमिनियमची अतिवाहक फट (अतिवाहक अवस्थेला संरक्षण देणारं ऊर्जेचं अंतर) सुमारे 200 मायक्रोइलेक्ट्रॉनव्होल्ट. पदार्थातला विस्कळीतपणा या मापाच्या तुलनेत फार लहान नसेल तर सिद्धांत ज्या जगाबद्दल बोलतो ते जग तुमच्या चिपवर नाहीच. संरक्षण टोपोलॉजीतून मिळणार होतं, पण ते मिळण्याची पूर्वअट स्वच्छ पदार्थ ही होती. त्यानंतरच्या कसोट्या अधिक कडक झाल्या आणि त्यांच्यावरही वाद चालू आहेत. या गटात जायला माझी हरकत नाही. मात्र तिथे कच्ची मोजणी सगळ्यांना उघडी असते का, आणि संकेत न दिसलेल्या सॅम्पलांची नोंद ठेवतात का, हे आधी बघा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. क्वांटम मेकॅनिक्स लागतंच, पण तुम्ही समजता त्याहून कमी आणि अधिक खोल. दोन पातळ्यांची प्रणाली, आवर्ती दोलक, त्यांची जोडणी आणि परिसरामुळे होणारा ऱ्हास, एवढं हातात मुरलेलं हवं. त्याच्या जोडीला सूक्ष्मलहरींचं अभियांत्रिकी हवं, आणि ते भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमात बहुधा नसतं. एक उदाहरण: 5 गिगाहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा तापमानात 0.24 केल्विन भरते. 300 केल्विनच्या केबलमधून त्या वारंवारतेला सरासरी 1250 औष्णिक फोटॉन खाली येऊ पाहतात. क्यूबिटपाशी ते हजारात एक इतके खाली आणायचे तर तीव्रता सुमारे दहा लाख पटींनी दाबावी लागते, म्हणजे 60 डेसिबल. म्हणून फ्रिजच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर ॲटेन्युएटर (संकेत क्षीण करणारे भाग) बसवतात, आणि ते सगळे एकाच पायरीवर चालत नाहीत, कारण ॲटेन्युएटर स्वतः ज्या तापमानाला असतो त्या तापमानाचा गोंगाट खाली पाठवतो. हे ज्याला समजलं नाही तो पदार्थाला दोष देत बसतो आणि गळती केबलमधून होत असते.

पदार्थविज्ञानातलं काय शिकावं? यंत्रं चालवता येण्यापेक्षा त्यांचा निकाल वाचता येणं महत्त्वाचं. एक्सपीएसच्या (क्ष-किरणांनी पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन काढून रसायन ओळखणाऱ्या तंत्राच्या) आलेखातून ऑक्साइडची जाडी आणि अवस्था ओळखता यावी, क्ष-किरण विवर्तनातून अल्फा आणि बीटा वेगळे सांगता यावेत, छेदाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी चित्रात सीमेवरचा अस्पष्ट पट्टा दिसला तर तो सॅम्पलचा की छेद घेताना झालेला, ही शंका यावी.

प्रत्यक्ष कामाची दोन तंत्रं सांगतो, कारण कोणत्याही गटात ती कामी येतील. पूर्ण क्यूबिट बनवण्याआधी त्याच थरातून साधे रेझोनेटर (ठरावीक वारंवारतेला दोलन करणारी मंडलं) कोरा. त्यात जंक्शन नाही, म्हणून बनवायला सोपे; आणि त्यांचा गुणांक एका फोटॉनच्या पातळीपासून लाखो फोटॉनांपर्यंत शक्ती वाढवत मोजा. शक्ती वाढली तसा गुणांक चढला तर दोषी टीएलएस, कारण जास्त फोटॉन आले की ते तृप्त होऊन गिळायचे थांबतात. शक्तीचा परिणाम नसेल तर दुसरीकडे शोधा: किरणोत्सर्जन, पेटीचे अनुनाद, अडकलेले चुंबकीय भोवरे, अतिवाहकातल्या जोड्या फुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन. या एका आलेखाने महिन्यांचं अंधारातलं चाचपडणं वाचतं. फक्त जास्त शक्तीला मिळालेला मोठा आकडा घेऊन निबंध सजवू नका. क्यूबिट एका फोटॉनवर जगतो.

दुसरं तंत्र खोलीच्या तापमानाचं आहे. जंक्शनचा सामान्य रोध मोजला की अँबेगावकर-बाराटॉफ सूत्राने त्याचा क्रांतिक प्रवाह (रोधाविना वाहू शकणारा सर्वाधिक प्रवाह) कळतो: ॲल्युमिनियमसाठी दोहोंचा गुणाकार जवळपास 280 मायक्रोव्होल्ट, म्हणजे 30 नॅनोअँपिअर हवे तर रोध साडेनऊ किलोओहमच्या आसपास. त्यामुळे क्यूबिटची वारंवारता थंड करण्याआधीच बरीचशी सांगता येते आणि फसलेली चिप फ्रिजमध्ये टाकून दिवस वाया जात नाहीत. जंक्शन हवेत जुनं होत जातं तसा रोध बदलतो, म्हणून मापनाची तारीख लिहून ठेवा. प्रोब लावताना हाताला जमिनीशी जोडणारा पट्टा घाला; स्थिर विद्युतचा एक झटका अडथळा फोडायला पुरतो.

आकडे कसे सांगावेत यावरही दोन शब्द. क्यूबिटचं आयुष्य स्थिर नसतं. टीएलएस जागा बदलतात, वारंवारतेत आत-बाहेर येतात, आणि तोच क्यूबिट सकाळी 200 तर संध्याकाळी 80 मायक्रोसेकंद देऊ शकतो. सर्वोत्तम एक मापन सांगणारा निबंध पदार्थाबद्दल फार थोडं सांगतो. कित्येक तासांचं वितरण, अनेक उपकरणांची मध्यक किंमत, आणि शेजारी जुन्या पद्धतीने बनवलेली तुलनेची चिप: एवढं असेल तर 'नवा पदार्थ चांगला' या वाक्याला वजन येतं. आमच्या क्षेत्रातले निम्मे दावे तुलनेची चिप नसल्यामुळे लटकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर गटाला भेटायला जाल तेव्हा प्रमुखांपेक्षा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. थर बसवल्यापासून थंड मापन हाती येईपर्यंत किती आठवडे लागतात ते विचारा. थर स्वतः वाढवतात की बाहेरून येतो, आणि बाहेरून येत असेल तर तक्रार केल्यावर पुढचा तुकडा बदलून येतो का? क्लीनरूमचं यंत्र बंद पडलं तर दुरुस्त कोण करतं? आधीच्या विद्यार्थ्याची रेसिपी लिहिलेली आहे की तो गेल्यावर सोबत गेली? फ्रिजमध्ये जागा मिळायला किती वाट पाहावी लागते? फेरा चार-सहा आठवड्यांचा असेल तर पीएचडीत तुम्हाला शिकायला पुरेशी आवर्तनं मिळतील. फेरा आठ महिन्यांचा असेल तर पदार्थ कितीही अद्भुत असो, तुमच्या वाट्याला चार-पाच प्रयत्न येतील आणि त्यातून कारण-परिणाम वेगळे करणं जवळजवळ अशक्य.

चारही गट या कसोटीवर सारखे उतरले तर मी अतिवाहक गट घेईन. तिथे गळतीचं मापन सगळ्यात नेमकं आहे आणि ती शिस्त पुढे कुठल्याही पदार्थाला लावता येते. नव्या भौतिकशास्त्राची तहान अधिक असेल तर ग्राफिन, पण क्यूबिटच्या आशेने नको. आणि ज्या गटात स्फटिक वाढवणारा आणि मापन करणारा एकाच बैठकीत बसून भांडतात, तिथे जागा मिळत असेल तर पदार्थ कोणता हे न विचारता होकार कळवून टाका.